दुसरं कार्ड

भुजंगरावांनी उभ्या जन्मात दोनच पोस्टकार्डं लिहिली, आणि त्यातलं एकच टपालपेटीत टाकलं. तहशिलीतला कारकून माणूस, दिवसभर हातात टाक. तरी लेकीच्या सासरी खुशाली कळवायची म्हटली की शेजारच्या मास्तरला बोलावून आणायचे. लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय. कुणी म्हणायचं, चिक्कू हाय, शाई वाचवायलाय. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा! खरी गोष्ट त्यांच्या अकराव्या वर्षाची, निजामाच्या राज्यातली आहे. ऐकून ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण शेवटापर्यंत ऐकून मग.

वालूरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. बाप आश्रुबा, चार बैलांचा धनी, मान खाली घालून शेती करणारा. भुजंग तीन वर्षांचा असताना आई गेली आणि वर्षाच्या आत आश्रुबानं मनकर्णाला करून आणलं. तिकडं सावत्र आईला मावशी म्हणायची रीत, म्हणून भुजंगही मावशीच म्हणायचा. मनकर्णा बोलायला कमी आणि कामाला वाघीण. तिनं कधी पोरावर हात उचलला नाही, कधी मांडीवर घेऊन कुरवाळलंही नाही. चड्डी फाटली की शिवून ठेवायची. ताप आला की उशाशी बसायची, पण बसल्या बसल्या लसूण सोलायची. आता लेकरानं कसं ओळखावं, ही आपल्यासाठी बसलीय की लसणासाठी?

सात वर्षं तिची कूस उजवली नाही. आठव्या वर्षी पोरगा झाला, चंद्रभान. आणि नेमकं त्याच सालात भुजंगला परभणीच्या बोर्डिंगात घालायचं ठरलं. ठरवलं आश्रुबानं. त्याला एकदा तहशिलीचा उर्दू कागद आला होता. गावात तो वाचणारा माणूस नाही, म्हणून कागद छातीशी धरून तो कचेरीत गेला. तिथला चपराशी सगळ्यांदेखत हसला, "पाटील, कागज उलटा पकडे हो." ते हसणं आश्रुबाच्या काळजात रुतून बसलं. आपलं पोरगं उर्दू शिकल आणि कागद सुलटा धरल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण गावाला खऱ्या कारणाशी काय करायचंय? पाणवठ्यावर बाया बोलल्या, "आपलं झालं, सवतीचं धाडलं." भुजंग तिथंच म्हशीला पाणी दाखवत होता. ते त्याच्या कानावर पडलं आणि कानातच राहिलं.

निघायच्या दिवशी दारात गाडी जुंपली. वळकटी, पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं पोतं गाडीत पडलं. बोर्डिंगात दाणागोटा ज्याचा त्यानं द्यायचा असायचा. गावातच दिलेली आत्या बायनाबाई, ती रडून रडून लाल झाली. ज्या शेजारणींनी पाणवठ्यावर तोंड सोडलं होतं त्याही पदर डोळ्याला लावून उभ्या. रडली नाही ती एकटी मनकर्णा. ती चुलीपुढून उठलीच नाही. तिनं दशम्यांचं गठुडं पुढं सरकवलं. भुजंग पाया पडला. ती म्हणाली, "दात घासत जा." तो तरी उंबऱ्यात उभाच. तेव्हा चुलीत काटकी सारत, वर न बघता म्हणाली, "जा आता. गाडी खोळंबली."

गावाला निघालेल्या माणसाला जा कुणी म्हणत नाही. जाणारा येतो म्हणतो, राहणारा ये म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भुजंगनं ते "जा आता" सेलूपर्यंत गाडीत, सेलूहून परभणीपर्यंत आगगाडीत आणि पुढं दोन महिने बोर्डिंगात सुपारीसारखं चघळलं. कितीही चघळलं तरी त्यातून एकच रस निघायचा, की तिला आपण नको आहोत.

बोर्डिंग म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याची खोली, मागं आड, आडाजवळ स्वयंपाकाची झोपडी, आणि चौदा पोरं. वर देखरेखीला दिनकरराव गुरुजी. भला माणूस, पण त्यांचं प्रेमसुद्धा छडीतूनच बाहेर यायचं. शाळा सगळी उर्दूत. पहिले कितीतरी दिवस भुजंगला एक "हाजिर जनाब" तेवढं कळायचं. गावाकडं दिवसभर कुणी ना कुणी "ए भुजंग्या" म्हणून हाळी द्यायचं. इथं दिवस दिवस त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. मास्तर हजेरीला नाव घ्यायचे तेही असं, की आपलंच आहे का हे त्याला दुसऱ्या पोराच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागायचं.

बाकीची पोरं पहिल्या आठवड्यात धाय मोकलून रडली आणि मोकळी झाली. भुजंग रडला नाही. रडायला कुणीतरी समोर आणावं लागतं, त्याच्या डोळ्यापुढं कोण येणार? आई आठवत नव्हती आणि मावशीनं तर जा म्हटलेलं. दिवेलागणीला पोरं आपापल्या घरच्या गोष्टी काढायची. माझी माय थालपीठ असं करती, माझी माय तसं करती. एकानं विचारलं, "तुज्या घरी कोण हाय रे?" हा म्हणाला, "मावशी हाय." "मावशी घरी कामून राहती?" भुजंग तिथून उठून आडाकडं गेला. पुढं तो भाकरही तिथंच नेऊन खायला लागला. आडाच्या काठावर एकट्यानं बसायचं, चार घास खायचे, उरलेली भाकर कावळ्यांना टाकायची. बाजाराच्या दिवशी बाकीच्यांचे बाप, चुलते येऊन भेटून जायचे. आश्रुबाची ज्वारी खुरपणीला आलेली, त्याला कुठली सवड? दोन महिन्यांत भुजंगला भेटायला चिटपाखरूही आलं नाही.

आणि एके दिवशी कावळाच आला. भाकरीवर टपलेला कावळा खाली उतरायचा तो सरळ भुजंगच्या डोक्यावर आला. पंजे रुतवून, पंख फडफडवून, हातातला तुकडा घेऊन गेला. भुजंग डोकं चोळत बसला. पण झोपडीच्या दारातून कडूबाईनं ते बघितलं आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. कडूबाई बोर्डिंगची स्वयंपाकीण, पन्नाशीची विधवा बाई. पोरं तिला कडूआजी म्हणायची.

"डोक्याला शिवला?" तिनं जवळ येऊन विचारलं.

"शिवला," भुजंग म्हणाला. "त्याला काय व्हतंय?"

कडूबाई त्याच्याशेजारी खाली बसली. कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाचं बोलावणं, हे त्या भागात आजही म्हातारी माणसं सांगतील. त्याला उतारा एकच. माणूस जिवंत असतानाच तो मेल्याचा खोटा सांगावा घरी धाडायचा. घरच्यांनी तो खरा धरून एकदा रडायचं. रडणं ऐकलं की यमाला वाटतं, इथलं आपलं काम झालंय, आणि तो पुढच्या दाराला जातो. मग लगेच दुसरा सांगावा धाडायचा, की माणूस खुशाल आहे, कावळा शिवला म्हणून तसं कळवलं होतं. हसण्यासारखं आहे खरं. पण कडूबाई हसत नव्हती. "माज्या थोरल्याला शिवला व्हता," ती म्हणाली. "मी म्हणलं, कशाला घरच्यांच्या जिवाला घोर. न्हाई धाडला सांगावा." 

गुरुजींना कळलं असतं तर दोघांचीही खरडपट्टी निघाली असती, म्हणून सगळं गुपचूप झालं. कडूबाईनं पोस्टातून दोन कार्डं आणवली. तिला लिहिता येत नव्हतं. गुपचूप लिहून देईल असं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा आपल्या मरणाची बातमी भुजंगनं गावात शिकलेल्या मराठी अक्षरांत, आपल्याच हातानं लिहिली. कडूबाई सांगत गेली आणि हा झोपडीतल्या पाट्यावर कार्ड ठेवून गिरवत गेला. आश्रुबास कळावे की तुमचा भुजंग तीन दिवसांच्या तापाने वारला. क्रिया इथेच उरकली, येण्याची धावपळ करू नये. "वारला" लिहिताना त्याचा टाक थांबला. आपण वारलो म्हणजे कुठं गेलो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. मग कडूबाईनं कार्डाचा कोपरा फाडला. कोपरा फाटलेलं कार्ड हातात पडलं की अक्षर न येणारालाही कळतं, आत काय आहे ते.

"आजी, मावशी रडंल का?" त्यानं विचारलं.

"रडंल न्हाई तर काय करंल? घरातली बाई हाय."

"सावत्र हाय."

कडूबाईनं कार्डाचा फाटका कोपरा चुलीत टाकला. मग म्हणाली, "घरातली बाई रडायलाच पायजे, लेकरा. न्हाईतर उतारा लागत न्हाई."

"आत्या रडली तर भागंल न्हाई का?"

"न्हाई भागत."

म्हणजे त्याचा जीव आता मावशीच्या डोळ्यातल्या पाण्यावर आला. ज्या बाईनं निघताना टिपूस काढलं नाही, तिच्या! दुसरं कार्डही कडूबाईनं तिथंच लिहून घेतलं, भुजंग खुशाल आहे, काळजी नसावी, आणि त्याच्या हातात दिलं. "हे परवा टाक. इसरू नको. इसरलास तर घरी जित्या माणसाचं सुतक बसंल."

पहिलं कार्ड गेलं. दुसरं परवा टाकायचं होतं. परवा उजाडला, भुजंग कार्ड घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला, उभा राहिला आणि माघारी आला. विसरला नाही. मुद्दाम टाकलं नाही. त्याला वाटलं, दोन्ही कार्डं पाठोपाठ पोचली तर ती रडायच्या आत हसंल. जरा थांबावं. तिला रडायला सवड द्यावी. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी एक आशा होती, की क्रिया उरकली म्हटलं तरी कुणीतरी धावत येईल. बापाच्या मागं मावशी येईल. ती येईल, आपल्याला जिवंत बघेल, आणि मग तिचं तोंड कसं होतं ते आपल्याला दिसेल. ते बघण्यासाठी त्यानं ते कार्ड आपल्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली घातलं.

"टाकलं का?" कडूबाईनं विचारलं.

"टाकलं," तो म्हणाला.

चार दिवस गेले, कुणी आलं नाही. आठ दिवस गेले. शाळा सुटली की तो पळत बोर्डिंगाच्या दाराशी यायचा आणि रस्त्याकडं बघत बसायचा. सेलूकडची गाडी गेली की उठायचा. आता कार्ड टाकावं तर आठ दिवस कुठं ठेवलं होतं म्हणून विचारतील. न टाकावं तर घरी सुतक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी आलं नाही याचा अर्थ त्याच्या मते एकच होता, मावशी रडली नाही. मग उतारा कसला? तो मरायची वाट बघायला लागला. सकाळी उठला की कपाळाला हात लावून ताप आहे का बघायचा. त्यानं शेजारच्या पोराला आपली चांगली पाटी देऊन टाकली. पोरगं म्हणालं, "कामून देतोस?" हा म्हणाला, "मला नकू." अकरा वर्षांचं लेकरू, चौदा पोरांच्या खोलीत, एकटंच आपल्या मरणाची तयारी करत होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या पंधरा दिवसांइतकं एकटं नंतर मला कधीच वाटलं नाही, असं भुजंगराव म्हातारपणी म्हणायचे.

पंधराव्या दिवशी शाळेतून आला तर बोर्डिंगाच्या पायरीवर एक बोडका माणूस पाठमोरा बसलेला. तासलेलं डोकं उन्हात पांढरं दिसत होतं. भुजंगनं ओळखलं ते कानांवरून. आश्रुबाचे कान मोठे होते. तो पोराची वळकटी आणि पेटी न्यायला आला होता. दहावा झाला, सुतक फिटलं, आता मेलेल्याच्या वस्तू परक्या जागी कशाला, म्हणून आलेला.

"दादा," भुजंग म्हणाला.

आश्रुबा वळला. त्यानं पहिल्यांदा पोराच्या पायांकडं बघितलं. भुताचे पाय उलटे असतात. पाय सुलटे होते, धुळीनं भरलेले, एका अंगठ्याचं नख गेलेलं. मग त्यानं हात पुढं करून ते पाय चाचपले, नडग्या चाचपल्या, आणि तोंडातून शब्द निघाला तो एवढाच, "भाकर खाल्ली का?" असं म्हणून त्यानं पोराच्या गुडघ्यांना मिठी घातली आणि मोठ्यानं रडायला लागला. दिनकरराव बाहेर आले, पोरं जमली, कडूबाई पीठभरल्या हातानं धावत आली. तिनं आश्रुबाचं डोकं बघितलं आणि भुजंगकडं वळली. "दुसरं कार्ड टाकलं व्हतंस ना?"

"टाकलं व्हतं," भुजंग म्हणाला. बापासमोर, त्या तासलेल्या डोक्यासमोर त्याची खरं सांगायची छाती झाली नाही.

"डाकेचं काय खरं हाय," आश्रुबा डोळे पुसत म्हणाला. "वाटंत पडलं असंल." इतकं वाईट भुजंगला बापानं मारलं असतं तरी वाटलं नसतं.

दोघं आगगाडीत बसले. परभणी मागं पडल्यावर आश्रुबा सांगायला लागला, खिडकीबाहेर बघत, जसं काही शेतातलं सांगतोय. कार्ड आलं तेव्हा गावातली म्हातारी माणसं म्हणाली होती, कावळा शिवल्याचं असंल, बाजारापर्यंत थांबा, दुसरं येईल. सगळं घर थांबलं. पुढच्या बाजाराला मनकर्णा तान्ह्या चंद्रभानला काखेत घेऊन स्वतः वालूरच्या टपालवाल्यापुढं जाऊन बसली, सकाळपासून बाजार मोडेपर्यंत. कार्ड आलं नाही. मग रडारड झाली आणि कार्डावरच्या दिवसापासून दहावा धरला.

"दहाव्याला कावळा शिवंना," आश्रुबा म्हणाला. "बाभळीवर वीस-पंचवीस बसलेले, पण पिंडाकडं एक येईना. मी म्हणलं, तुजी पेटी जतन करीन. न्हाई आले. बायना म्हणली, तुज्या नावानं गाय देईन. न्हाई आले. दुपार कलली. मग तुजी मावशी आली. बाया तिथं येत न्हाईत, पण आली. पिंडापुढं बसली अन् हात जोडून म्हणली, भुजंगा, मी तुला जा म्हणले. माजं चुकलं. ये. रडत रडत पुन्हा पुन्हा तेच. मी उठवलं तर उठंना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तवापासून ती कुणाशी बोलत न्हाई. लोक म्हणायलेत, पोरगं तिच्यावर रुसून गेलं, म्हून कावळा आला न्हाई."

कावळा येईल कसा? ज्याच्या नावाचा पिंड, तो परभणीत भाकर खात बसलेला! पण हे त्या बाईला कोण सांगणार होतं? सांगणारं कार्ड कपड्यांच्या खाली होतं. ऐकता ऐकता भुजंगला आधी वाटलं, ती रडली, म्हणजे आपण मरत नाही. क्षणभर अगदी आनंद झाला. आणि लगेच इतकी लाज वाटली की ह्या गाडीतून उडी टाकावी. त्याला हवं होतं ते सगळं घडलं होतं. ती त्याच्यासाठी वाट बघत बसली, रडली, जा म्हटलं ते माघारी घेऊन ये म्हणाली, आणि त्यातलं काहीच त्याला दिसलं नव्हतं.

गावात शिरले तर वेशीपाशीच गोंधळ. पोरं भूत भूत म्हणून पळाली. बायनाबाई धावत आली, तिनं भाच्याला कवटाळलं आणि जीव भरून शिव्या दिल्या. पण घराच्या दारात जोशीबुवांनी आडवा हात धरला. पिंड दिलेला माणूस तसाच घरात घेता येत नाही, ते म्हणाले. तो गेला तो गेला. आता घरात यायचं तर त्यानं पुन्हा जन्माला यायचं. अंघोळ, आईची मांडी, गुळाचं बोट, पाळणा, नाव, सगळं तान्ह्या लेकरासारखं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आई कुठं हाय त्याला?"

सगळे मनकर्णाकडं वळले. ती दारात उभी होती. पंधरा दिवसांत निम्मी झालेली. तिनं भुजंगला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. जवळ आली नाही, रडली नाही. कोपऱ्यातलं पोतं ओढलं, अंगणात अंथरलं आणि मांडी घालून बसली. "आणा," एवढंच म्हणाली.

भुजंगला अंगणातच अंघोळ घातली, आश्रुबाच्या धोतरात गुंडाळलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. अकरा वर्षांचा दांडगा पोर. डोकं तिच्या दंडावर, पाय पार पोत्याच्या बाहेर मातीत. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. पलीकडं एक शेजारीण चंद्रभानला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. भुजंग तिकडं बघतोय हे बायनाबाईनं बघितलं. "शेळीचं हाय," ती म्हणाली. "हिचं दूध आटलं. पिंडाच्या दिवसापासून थेंब न्हाई." ते पुढं कधी परत आलंच नाही. चंद्रभान शेळीच्या दुधावरच वाढला आणि थोरला कारकून झाला, धाकटा जन्मभर अंगानं अशक्त राहिला. भुजंगरावांनी शेवटपर्यंत त्याच्या घरी खवा, तूप काही ना काही धाडायचं चुकवलं नाही.

मनकर्णानं गुळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि त्याच्या तोंडात दिलं. बोटाला राखेचा वास होता. बायनाबाईनं कानात कुर्र केलं, भुजंग हेच नाव पुन्हा ठेवलं, आणि रीतीप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात मनकर्णाचं तोंड भुजंगच्या अगदी जवळ होतं. त्याच्यानं आता राहवेना.

"मावशी," तो तिच्या कानाशी म्हणाला, "दुसरं कार्ड माज्या पेटीतच हाय. डाकेत गेलंच न्हाई. मी टाकलं न्हाई. तू रडती का ते बघायचं व्हतं."

तिचा हात थांबला. भुजंगला वाटलं, आता ही आपल्याला मांडीवरून खाली ढकलणार.  पण तिनं त्याच्या गळ्याभोवतीचं धोतर नीट केलं, पदरानं त्याचं ओलं कपाळ पुसलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली,

"गप. तान्ही लेकरं बोलत नसतात."

त्या कार्डाबद्दल ती पुन्हा कधीही एक शब्द बोलली नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

भुजंग आठ दिवस घरी राहिला. शाळा सोडायचा विषय आश्रुबा काढू देईना. कागद सुलटा धरायचाच होता. नवव्या दिवशी गाडी जुंपली. मनकर्णा वेशीच्या पुढं ओढ्यापर्यंत चालत आली, गाडीचा दांडा धरून, आणि तिथं दांडा सोडून नुसती उभी राहिली. भुजंगनं तिला माय म्हणून हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. मग जो रडायला लागला तो सेलूपर्यंत थांबला नाही, आगगाडीत थांबला नाही. बोर्डिंगात कडूबाईनं पुढ्यात भाकर ठेवली तर घास उतरेना. तो आडामागं जाऊन बसला आणि हुंदके देत राहिला. कडूबाई त्याच्या मागं आली.

"आता कामून रडायलास?" ती म्हणाली. "पहिल्यांदा आलास तवा तर रडला न्हाईस."

भुजंगला सांगता येईना. सांगायचं एवढंच होतं की घर सोडून तो आजच पहिल्यांदा आला होता.